लहान मुलें आणि गाण्याचा तास



मी संगीतज्ञ नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, पुढें शिक्षकाचें प्रशिक्षण आणि त्यानंतर चौतीस वर्षें खेड्यांतील प्राथमिक शाळेंत पहिली ते चौथीचे वर्ग, एवढीच माझी पुंजी. पेटीवर सरळ चाल वाजवितां येते, भजनांत टाळ धरतां येतो. याहून अधिक अधिकार माझ्यापाशीं नाहीं. तरीहि लहान मुलांच्या गायनशिक्षणाविषयीं बोलण्याचें मीं कबूल केलें, याचें एक कारण असें कीं, मूल गवयाच्या हातीं जाण्यापूर्वीं बहुधा आमच्यासारख्या साध्या शिक्षकाच्या हातीं येतें, आणि त्याचा गळा व कान घडतो किंवा बिघडतो तो तेथेंच. दुसरें कारण असें कीं, या बाबतींत माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे, व तो सांगितल्यावांचून पुढें जाणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

मी नोकरीस लागून चार-पांच वर्षें झालीं होतीं. प्रजासत्ताक दिनाच्या समारंभास तालुक्याहून अधिकारी येणार, म्हणून तिसरी-चौथीच्या मुलांकडून समूहगीत बसवून घेण्याचें काम मजकडे आलें. तालीम चालू असतां एका मुलाचा आवाज सर्वांच्या खालीं घरघरत असे. बाकीचीं मुलें वर आणि हा एकटा खालीं. दोन दिवस मीं त्याला दटावलें. तिसऱ्या दिवशीं जवळ बोलावून म्हणालों, "बाळ, तूं नुसतें तोंड हलव, आवाज काढूं नकोस." मुलगा शहाणा होता. त्यानें मान डोलाविली आणि समारंभाच्या दिवशीं अगदीं चोख तोंड हलविलें. अधिकाऱ्यांनीं शाबासकी दिली. मी तें सारें विसरून गेलों.

पंचवीस वर्षांनीं तोच मुलगा, आतां चांगला बागायतदार झालेला, आपल्या मुलीला पहिलींत घालण्यासाठीं मजकडे आला. नांव लिहून झालें तरी तो उठेना. शेवटीं म्हणाला, "गुरुजी, एक विनंती होती. पोरीला गाण्यांत घ्या. आणि ती चुकली तरी माझ्यासारखं नुसतं तोंड हलवायला सांगूं नका." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, हसतच म्हणाला. मीं विचारलें, "तूं भजनाला बसत नाहींस?" तो म्हणाला, "बसतो की. पण टाळ घेऊन मागं. तोंड उघडत नाही." पोरीला निजवितांना सुद्धां त्याची बायकोच गाते आणि हा गप्प राहतो, हेंहि त्यानेंच सांगितलें.

हा मुलगा बेसूर होता काय? त्या रात्रीं मीं पुष्कळ विचार केला, आणि पुढें जें वाचनांत आलें त्यावरून माझी खात्री झाली कीं, तो बेसूर मुळींच नव्हता. स्वरांतील भेद ज्यांच्या कानाला जन्मतःच उमगत नाहीं अशीं माणसें असतात खरीं. परंतु संशोधकांच्या गणनेप्रमाणें त्यांचें प्रमाण शेंकडा दीड ते चार यांच्या दरम्यान आहे. चाळीस मुलांच्या वर्गांत असें एखादें निघालें तर निघालें. बाकी ज्यांना आपण बेसूर म्हणतों त्यांचा कान शाबूत असतो. गळ्याला वाट सांपडलेली नसते, एवढेंच. आणि त्या मुलाची वाट तर मींच चुकविली होती. मी पुरुष; माझा षड्ज काळी एकचा. बहुतेक मुलें आपल्या स्वभावानुसार माझ्याहून एक सप्तक वर गात होतीं. परंतु मास्तर जो सूर काढतात नेमका तोच काढावयाचा, या प्रामाणिक समजुतीनें हा मुलगा माझा खालचा आवाज गांठावयास जाई, आणि तो त्याच्या कोवळ्या गळ्याला कोठून सांपडणार? ज्या घरघरीबद्दल मीं त्याला दोष दिला, ती वस्तुतः माझें अनुकरण करण्याची त्याची पराकाष्ठा होती.

येथें शिक्षकबंधूंसाठीं थोडें विषयांतर करतों. मुलांना गाणें सांगतांना पुरुष शिक्षकानें आपल्या आवाजांत सुरुवात करूं नये. मुलांच्या गळ्याच्या उंचीवरील सूर पेटीवर दाबून दाखवावा, किंवा ज्या मुलीचा गळा स्वच्छ आहे तिला पहिली ओळ म्हणावयास लावावी. एका मुलाचा सूर दुसऱ्या मुलाला जितक्या लवकर सांपडतो तितक्या लवकर मास्तरांचा सांपडत नाहीं. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेसाठीं गाणें निवडतांना तें पांच-सहा स्वरांच्या आंतच फिरतें आहे ना, हें आधीं पाहावें. तारसप्तकांत झेप घेणारीं चित्रपटांतील गाणीं या वयाला निरुपयोगी होत. आणि "मोठ्यानें म्हणा, मोठ्यानें म्हणा" असा जो धोशा परिपाठाच्या वेळीं चालतो तो बंद करावा. मुलांच्या गळ्यांतील स्वररज्जु आखूड व नाजूक असतात. नित्य ओरडण्यानें त्यांवर गांठी येऊन आवाज कायमचा घोगरा झालेलीं मुलें दवाखान्यांत पाहावयास मिळतात.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. लहान मुलाला गाणें शिकवून लाभ काय? हल्लीं पालक हा प्रश्न विचारतात तेव्हां त्यांच्या मनांत उत्तर तयारच असतें: बुद्धि वाढते, गणित सुधारतें. हें उत्तर कोठून आलें त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियामधील तीन संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. महाविद्यालयांतील ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीं बांधलेली एक रचना दहा मिनिटें ऐकविली आणि लगेच घडी घातलेल्या कागदासारखीं आकृतींचीं कोडीं सोडवावयास दिलीं. नुसतें स्वस्थ बसल्यानंतर त्यांना तीं जितकीं साधत, त्याहून या वेळीं कांहींशीं बरीं साधलीं. आणि दहा-पंधरा मिनिटांत हा परिणाम ओसरूनहि गेला. गोष्ट एवढीच. त्यांत लहान मुलें नव्हतीं, गाणें शिकणें नव्हतें, बुद्धीची कायमची वाढ तर नव्हतीच नव्हती. परंतु वृत्तपत्रांनीं ती अशी कांहीं फुगविली कीं, १९९८ सालीं तेथील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनीं प्रत्येक नवजात अर्भकाच्या घरीं संगीताची ध्वनिमुद्रिका पाठविण्यासाठीं सरकारी पैशाची मागणी केली. आपल्याकडेहि गरोदर स्त्रियांना अशा ध्वनिमुद्रिका विकणारे निघाले. मोझार्टच्या जागीं रागांचीं नांवें घातलीं, इतकाच फरक.

प्रत्यक्ष शिकविण्याचा प्रयोग कॅनडामध्यें टोरांटो येथें ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञानें केला व २००४ सालीं प्रसिद्ध केला. सहा वर्षांचीं १४४ मुलें घेतलीं व त्यांचे चार गट केले. एकाला कळफलकाचें वाद्य, दुसऱ्याला गाणें, तिसऱ्याला नाटक शिकविलें. चवथ्याला कांहींच शिकविलें नाहीं. वर्षाअखेर सर्वांचाच बुद्ध्यंक वाढला, कारण त्या वर्षीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं होतीं. संगीताच्या दोन गटांत ती वाढ सुमारें सात अंकांची, इतर दोन गटांत सुमारें चारांची. म्हणजे संगीताच्या पदरीं पडले ते तीनहि अंक नव्हेत. उलट लोकांत मिळून-मिसळून वागण्याच्या बाबतींत नाटकाच्या गटानें बाजी मारली. पुढें २०२० सालीं असे पन्नासाहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासण्यांत आले, तेव्हां जे जे प्रयोग अधिक कसोशीनें केलेले होते त्यांत बुद्धीवरील वा अभ्यासावरील हा परिणाम जवळजवळ शून्यावर आल्याचें आढळलें.

तेव्हां पालकांना माझें सांगणें असें कीं, गणित सुधारावयाचें असेल तर गणित शिकवावें. गाण्याला गणिताचा गडी करूं नये. मल्लखांब केल्यानें शुद्धलेखन सुधारतें काय, असें आपण विचारीत नाहीं. मग गाण्यालाच ही परीक्षा कां?

परंतु जे लाभ गाण्याला अगदीं लागून आहेत ते मात्र खरे आहेत, आणि ते लहान नाहींत. पहिला कानाचा. मनुष्याचा कान तालासाठीं जन्मापासूनच तयार असतो. बुडापेस्ट येथें दोन-तीन दिवसांचीं अर्भकें झोपलीं असतां त्यांना ठेक्याचे आवाज ऐकविले आणि मध्येंच सम गाळली. तेव्हां त्यांच्या मेंदूंतील विद्युत्‌लहरींनीं चूक घडल्याची नोंद केली. हा प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या आया-आज्या पाळण्याचा झोका आणि अंगाईची लय एकत्र बांधीत आल्या त्या उगाच नव्हे. हाच कान पुढें भाषेच्या उपयोगीं पडतो. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका अभ्यासांत चार-पांच वर्षांच्या १०० मुलांची परीक्षा घेतली, तेव्हां ज्यांना स्वरांतील भेद चांगला ओळखतां येई त्यांना शब्दांतील ध्वनि सुटे करणें व आरंभींचें वाचनहि चांगलें साधतें, असें दिसून आलें. यांत कारण कोणतें व कार्य कोणतें, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. पण मराठी शाळेंत शिकविणाऱ्याला याचा अनुभव निराळ्या मार्गानें येतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फळ्यावर कितीहि गिरविला तरी मुलांच्या डोक्यांत शिरत नाहीं. तोच, मात्रांत बसविलेली कविता टाळी देऊन म्हणवून घेतली, कीं लघूला एक मात्रा आणि गुरूला दोन हें मुलाच्या हाताला कळतें. नांव मागाहून सांगितलें तरी चालतें. मात्र चाल लावणाऱ्यानें सांभाळावें. स्वराच्या मोहानें 'मुलगी' या शब्दांतला 'मु' लांबविणारी चाल लावली, तर पुढें वहींत 'मूलगी' पाहून मुलावर रागावूं नये.

दुसरा लाभ तालाचा. दादरा घ्या. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. पहिल्या मात्रेवर टाळी, चवथीवर हात नुसता बाजूला. मूल प्रथम टाळीची घाई करतें. सहावी मात्रा संपण्याआधींच त्याचे हात उतावीळ होतात. आठ-पंधरा दिवसांनीं तें थांबूं लागतें. रिकाम्या मात्रेला तिची पुरी जागा देऊन मगच समेवर येणें, हें सहा वर्षांच्या मुलाला सोपें नाहीं. शाळेंतील दुसरा कोणताहि विषय त्याला अशी वाट पाहावयास शिकवीत नाहीं. पुढें एका टाळींत दोन अक्षरें, मग चार, अशी दुप्पट-चौपट करावी. माझ्या वर्गांत अर्धा आणि पाव म्हटलें कीं घाबरणारीं मुलें होतीं. एका टाळीचे दोन आणि चार तुकडे तीं हंसत हंसत पाडीत. हें गणित वाढलें असें मी म्हणत नाहीं. भीति मोडली, एवढें म्हणतों. आमच्या आजोबांच्या पिढीनें पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाढे सुरावर घोकले. त्यांतील घोकंपट्टी गेली हें ठीक झालें, सुरहि तिच्याबरोबर गेला.

तिसरा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो, तो म्हणजे एकत्र येण्याचा. जर्मनींत लायप्झिग येथें चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना झोपलेल्या खेळण्यांतील बेडकांना जागें करण्याचा खेळ दिला. निम्म्या जोड्यांनीं तो गाऊन, वाजवून, नाचून खेळला. उरलेल्यांनीं तोच खेळ गाण्यावांचून खेळला. त्यानंतर एकाच्या हातांतील गोट्या सांडतील अशी योजना केली होती. गाऊन खेळलेलीं मुलें सोबत्याच्या मदतीस अधिक धांवलीं. हा प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. आपल्याला त्यांत नवल वाटूं नये. भोंडल्याच्या फेरांत शेजारणीचा हात सोडून कोणी निराळ्या लयींत गाऊं शकत नाहीं. फुगडींत एकीनें लय सोडली तर दोघीहि पडतात. दिंडींत दहा वर्षांचा पोर टाळ घेऊन सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पावलाला पाऊल मिळवितो, तेव्हां तेथें कोणी कोणाला शिस्त लावीत नसतो. आळंदीस १९१७ सालीं जोगमहाराजांनीं वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथें लहान वयांत आलेलीं मुलें पाठांतराबरोबर टाळ, पखवाज आणि चाली शिकतात, आणि उद्यां तींच आपापल्या गांवीं शेंकडों माणसांना एका सुरांत धरून ठेवतात.

सर्व मुलांना गाणें शिकविलें तर समाजांत काय घडतें, हें पाहावयाचें असेल तर परदेशीं जाण्याचें कारण नाहीं, गोव्याकडे पाहावें. पोर्तुगीज राजवटींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना गाणें शिकविण्याची प्रथा पडली. चर्चमधील उपासनेस गायकवृंद पाहिजे, म्हणून ही सोय. शिकविणाऱ्यास मेस्त म्हणत. तो मुलांकडून दो-रे-मीचे पाठ घोटून घेई, लिखित स्वरलिपि वाचावयास शिकवी आणि पुष्कळांच्या हातीं व्हायोलिनहि देई. मेस्तांचा दरारा मोठा असे, आणि छडीचा प्रसादहि मिळे. त्याची तरफदारी मला करावयाची नाहीं. परंतु परिणाम पाहा. स्वरलिपि वाचतां येणारीं माणसें त्या चिमुकल्या प्रदेशांत खेडोपाडीं तयार झालीं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वाद्यवृंदाची गरज भासली तेव्हां लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजविणारे वादक तिला प्रामुख्यानें तेथूनच मिळाले. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील तेथील चर्चचे मेस्त. मुलानें बालपणींच त्यांच्याकडून धडे घेतले, पुढें मुंबईस व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून नांव मिळविलें, आणि प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना शिकविलें. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटांतील गाण्यांत जें नांव येतें तें प्यारेलाल यांनीं आपल्या या गुरूंचें घातलेलें आहे. आतां प्रत्येक मूल गोन्साल्विस झालें नाहीं. बहुतेक शेती-मासेमारी करीत राहिले किंवा बोटीवर नोकरीस गेले. पण लग्नांत मांडो उभा राहिला कीं निरनिराळ्या पट्ट्यांचे आवाज आपोआप एकमेकांत बसावेत, हें ज्या समाजाला साधतें त्याच्या पाठीशीं लहानपणचा तो घोटलेला पाठ असतो.

आपल्याकडे वर्गांत बसवून गाणें शिकविण्याची कल्पना फार जुनी नाहीं. पूर्वीं शिष्यानें गुरुगृहीं राहावें, पाणी भरावें, आणि गुरूची मर्जी असेल तेव्हां एखादी चीज मिळवावी. मौलाबक्ष यांनीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा काढली, स्वरलिपि बनविली. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे. बालपणीं फटाक्याच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकावयास धाडलें. त्यांनीं १९०१ सालीं लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि 'संगीत बालप्रकाश' यासारखीं पुस्तकें मुलांच्या हातीं दिलीं. स्वर कागदावर उतरल्यामुळेंच एका शिक्षकाला तीस मुलांना एका वेळीं शिकवितां येऊं लागलें. याच वाटेनें हंगेरींत झोल्तान कोडाय हे संगीतकार गेले. त्यांच्या प्रेरणेनें १९५० सालीं केचकेमेट या त्यांच्या जन्मगांवीं जी प्राथमिक शाळा निघाली तींत रोज गाण्याचा तास असे. वाद्य मागाहून, आधीं गळा, हा त्यांचा दंडक मला पूर्णपणें पटतो.

रोज गाण्याचा तास! आमच्या शाळांत वेळापत्रकावर आठवड्याला एक-दोन तास असतात, आणि परीक्षा जवळ आली कीं पहिली गदा त्यांवर येते. मीहि ती आणलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कलांना अभ्यासक्रमांत मानाचें स्थान दिलें आहे. धोरण कागदावरून वर्गांत उतरावयास शिक्षकाचा गळा लागतो, आणि तो प्रशिक्षणांतच तयार व्हावयास पाहिजे. शहरांत उलट दुखणें. तेथें सात वर्षांचें मूल क्लासला जातें, परीक्षा देतें, प्रमाणपत्र भिंतीवर लागतें, आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धेंत तें मोठ्यांचीं प्रेमगीतें मोठ्यांच्याच हावभावांसह म्हणतें. परीक्षक गुण सांगत असतां त्या मुलाचे ओठ थरथरतात तेंहि जवळून दाखवितात. मला तें पाहवत नाहीं. मी उठून बाहेर जातों.

घरच्यांसाठीं दोन गोष्टी. वाद्य कोणतें घ्यावें, असें पुष्कळ विचारतात. सात-आठ वर्षांपर्यंत कोणतेंहि महाग वाद्य घेऊं नये. टाळ किंवा खंजिरी पुरे. पेटी घेतलीच तर ती सूर दाखविण्यापुरती ठेवावी. मूल सदैव पेटीच्या आधारानें गाऊं लागलें, तर पांगुळगाड्यावांचून न चालणाऱ्या मुलासारखी त्याची गत होते. दुसरें, आईबापांनीं स्वतः गावें. वाईट गळ्यानें गावें, विसरलेल्या ओळीच्या जागीं 'ला ला' म्हणावें. मोबाईलवर लावून दिलेलें उत्तम गाणें मूल ऐकतें आणि सोडून देतें. बापानें म्हटलेलें साधारण गाणें तें तोंडांत धरतें.

त्या बागायतदाराच्या मुलीविषयीं सांगावयाचें राहिलें. तिलाहि माझा खालचा आवाज गांठण्याची खोड होती. मीं चवथींतील एका मुलीला तिच्याजवळ बसविलें आणि सूर तिच्याकडून देवविला. तीन आठवडे लागले. जानेवारींत ती पहिल्या रांगेंत उभी राहून गायिली, एके ठिकाणीं चुकली, पुन्हां धरून घेतलें. बाप मंडपाच्या खांबाला टेकून ऐकत होता. त्याला मीं नंतर भजनांत पुढें बसण्याचा पुष्कळ आग्रह केला. तो हो म्हणतो, आणि टाळ घेऊन मागेंच बसतो.